घर बदलले म्हणून लेकराची शाळा का सुटावी?

माणूस एका गावातून दुसऱ्या गावी राहायला गेला तर त्याचे बँकेतले खाते बुडत नाही. मतदार यादीतले नाव अर्ज भरून नव्या पत्त्यावर नेता येते. 'एक देश, एक रेशनकार्ड' आल्यापासून वर्ध्याचे कार्ड दाखवून पुण्याच्या दुकानातून धान्य उचलता येते. पण त्याच माणसाचे लेकरू शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागेवर शिकत असेल आणि बापाला घर बदलावे लागले, तर ती जागा त्या लेकराबरोबर जात नाही. ती जुन्या गावातच राहते. लेकरू नव्या गावात उभे असते आणि त्याचा हक्क जुन्या खोलीच्या दाराशी पडलेला असतो.

हा हक्क नक्की कोणाचा, लेकराचा की पत्त्याचा? माझे म्हणणे असे की कायद्याने हक्क लेकराला दिला, पण त्याच्या अंमलबजावणीने तो पत्त्याला बांधून टाकला. आणि या देशात पत्ता कोणाचा पक्का असतो आणि कोणाचा कच्चा असतो, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायची गरज नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याचे कलम ५ शाळा बदलण्याविषयी आहे. बालकाला कोणत्याही कारणाने एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावे लागले, मग ते राज्यात असो की राज्याबाहेर, तर त्याला बदली मागण्याचा हक्क आहे. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला तात्काळ द्यायचा आहे. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही किंवा लांबवू शकत नाही. दाखला देण्यात टाळाटाळ करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र आहे.

वाचायला किती चांगले वाटते! पण याच कलमात एक खिडकी बंद करून ठेवली आहे. बदलीचा हा हक्क विनाअनुदानित खाजगी शाळांना आणि केंद्रीय विद्यालय, नवोदय यांसारख्या विशेष प्रवर्गातल्या शाळांना लागू नाही. म्हणजे सरकारी शाळेत किंवा अनुदानित शाळेत जा, तिथे तुमचा हक्क आहे. खाजगी शाळेच्या दारात तो संपतो.

दुसरीकडे कलम १२(१)(क) म्हणते की विनाअनुदानित खाजगी शाळेने पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशाच्या वेळी किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांच्या बालकांना द्यायच्या आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, त्यांना मोफत शिकवायचे. आता ही दोन कलमे शेजारी ठेवून पाहा. प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात. पुढे बदलीचा हक्क नाही. त्यात महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत अशी अट की एकदा २५ टक्क्यांत प्रवेश घेतलेल्या बालकाला पुन्हा अर्ज करता येणार नाही. तिन्ही एकत्र केले की अर्थ सरळ निघतो. ज्याचे घर हलले, त्याची जागा गेली.

एक उदाहरण धरू. समजा, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये काम करणारे एक कुटुंब आहे. सोडतीत मुलीचा नंबर लागला, ती खाजगी शाळेत पहिलीला बसली. दोन वर्षे चांगली शिकली. मग जिनिंगचे काम सुटले. बाप वर्ध्याला बांधकामावर लागला आणि सिंदी मेघेत एक खोली घेतली. मुलगी आता तिसरीत. हिंगणघाटची शाळा तिला काढून टाकू शकत नाही, कारण कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकाला शाळेतून काढता येत नाही. पण आठ वर्षांची मुलगी रोज पस्तीस-चाळीस किलोमीटर जाईल कशी? आणि नव्या घराजवळच्या खाजगी शाळेत तिसरीतली २५ टक्क्यांची एखादी जागा रिकामी असली, तरी त्या जागेवर तिला बसवण्याचा मार्ग नाही. हक्क कागदावर जिवंत आहे, पण त्याला पाय नाहीत.

'मग जिल्हा परिषदेच्या शाळेत टाका, तिथे काय वाईट आहे?' असे कोणी म्हणेल. जिल्हा परिषदेची शाळा वाईट नाही. आपल्यातले हजारो लोक त्याच शाळांत शिकून मोठे झाले. या शाळा टिकल्या पाहिजेत, आणि कमी पटसंख्येच्या नावाखाली त्या बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध आपण लढलेच पाहिजे. डिसेंबर २०१७ मध्ये अशा तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला होता, हे आपण विसरलेलो नाही. पण आज मुद्दा वेगळा आहे. फी भरणाऱ्याचे पोर घर बदलल्यावर एका इंग्रजी शाळेतून दुसऱ्या इंग्रजी शाळेत सहज जाते. त्याच वर्गात, त्याच बाकावर शिकलेल्या आपल्या पोराला मात्र माध्यम बदलावे लागते, अभ्यासक्रम बदलावा लागतो, आणि 'तुझी जागा ही नव्हतीच' हा धडा वयाच्या आठव्या वर्षी शिकावा लागतो. एकाच वर्गातल्या दोन मुलांना घर बदलल्यावर दोन वेगळे कायदे लागत असतील, तर त्याला समता कसे म्हणायचे?

'जवळ सरकारी शाळा आहे ना, मग खाजगी कशाला?' हा युक्तिवाद नवा नाही. ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारने हेच नियमात घातले होते. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खाजगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट. एका अधिसूचनेने गरिबांची पोरे खाजगी शाळेच्या फाटकाबाहेर काढण्याचा तो डाव होता. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती दुरुस्ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. म्हणजे राखीव जागेचा हक्क सरकारी शाळेच्या अंतरावर अवलंबून नाही, हे न्यायालयात ठरलेले आहे. मग घर बदललेल्या बालकाला तेच उत्तर पुन्हा का द्यायचे?

आता पत्त्याकडे वळू. २५ टक्क्यांच्या अर्जाला रहिवासी पुरावा लागतो. स्वतःचे घर असलेल्याला अडचण नाही. घरपट्टी, वीजबिल, रेशनकार्ड, काहीही चालते. भाडेकरूला मात्र नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो अर्जाच्या तारखेच्या आधीचा पाहिजे, किमान अकरा महिन्यांचा पाहिजे आणि त्या पत्त्यावर कुटुंब राहत नसल्याचे आढळले तर प्रवेश रद्द. खोटे पत्ते देऊन श्रीमंतांनी जागा लाटू नयेत म्हणून ही अट आहे, हे मान्य. पण तिचा मार कोणाला बसतो? वर्ध्यात नालवाडी, म्हसाळा, पिपरी मेघे, बोरगाव मेघे या भागांत महिन्याच्या भाड्याने एका खोलीत राहणाऱ्या किती मजुरांकडे नोंदणी केलेला करार असतो? घरमालकाला करार म्हटले की भीती वाटते. 'राहायचे तर राहा, कागद मागू नका,' हे उत्तर ठरलेले.

गंमत अशी की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास घरमालकाला शिक्षा आहे. म्हणजे कायदा मोडणार घरमालक, आणि शिक्षा भोगणार भाडेकरूचे पहिलीतले पोर!

आणि आपल्या माणसाला खोली मिळते तरी कुठे? आडनाव विचारले जाते. आडनावावरून कळले नाही तर 'तुम्ही कोणते?' असे विचारले जाते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागेल हे कळले की खोली 'कालच देऊन झाली' असते. बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा परदेशात शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. घर आणि जात यांचे नाते या देशात इतके जुने आहे. त्या घराच्या कागदावर शाळेचा प्रवेश टांगला की जात मागच्या दाराने शाळेत शिरते. अर्जात ती कुठेच लिहिलेली नसते, पण चाळणी तिचीच असते.

पत्त्याचा हा खेळ इथेच संपत नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० चा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आज्याकडे गावकुसाबाहेरची झोपडी होती आणि सातबारा नव्हता, त्यांच्या नातवाला पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद मागायचा! दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबाचा जातीचा दाखला २५ टक्क्यांच्या प्रवेशाला चालतच नाही. वर्धा जिल्ह्यात तर माणूस हलतच असतो. निम्न वर्धा प्रकल्पात गावे उठली. कापूस वेचायला, वीटभट्टीवर, बांधकामावर माणसे येतात आणि जातात. घर बदलणे ही त्यांची हौस नाही, ती पोटाची मजबुरी आहे.

आपल्याकडे प्रवेशासाठी अर्ज आणि अपील करण्याची परंपराही जुनी आहे, ती नव्या पिढीला माहीत असावी. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. जून १८५६ मध्ये तिथल्या एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला, की मी फी भरायला तयार असूनही मला सरकारी शाळेत घेत नाहीत. सरकारने उत्तर काय दिले? न्याय मुलाच्या बाजूने आहे हे मान्य केले, पण एका मुलासाठी बाकीच्यांनी शाळा सोडली तर शाळा निरुपयोगी होईल म्हणून प्रवेश देता येत नाही, असे ठरवले. पुढे १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे कळवले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात हे प्रकरण मुद्दाम मांडले. का मांडले? कारण 'तुझे बरोबर आहे, पण अडचण आहे' हे उत्तर सरकार आपल्याला पिढ्यान् पिढ्या देत आले आहे. आज जात सांगून कोणी नकार देत नाही. आज 'पोर्टलवर पर्याय नाही' असे सांगतात. उत्तराची भाषा बदलली, उत्तर तेच राहिले.

आणि बाबासाहेब स्वतः कोण होते? घर बदलणाऱ्या बापाचा मुलगा! महूला जन्म, मग दापोली, मग सातारा, मग मुंबई. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाला. तो दिवस महाराष्ट्र सरकार २०१७ पासून 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करते. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत एका खोलीत आले आणि मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेला. त्या खोलीचा अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार मागितला असता तर? साताऱ्याची जागा साताऱ्यालाच राहील असे सांगितले असते तर? विद्यार्थी दिवसाला शाळाशाळांत भाषणे होतात. त्या भाषणांत हा प्रश्न कोणी विचारत नाही.

वर्धा हे शहर शिक्षणाच्या इतिहासात मिरवले जाते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथे अखिल भारतीय शिक्षण परिषद भरली. देशभर सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण असावे, असा ठराव याच शहरात झाला. नई तालीमबद्दल आपले मतभेद आहेत आणि ते राहतील. पण ज्या शहरात तो ठराव झाला, तिथे आज एका मजुराच्या पोराला नगर परिषदेच्या हद्दीतून बोरगाव मेघेत राहायला गेल्यावर 'आता तुमचे ऑफिस वेगळे' असे ऐकावे लागणे शोभते का? रस्ता ओलांडला की नगर परिषद संपते आणि ग्रामपंचायत लागते. स्थानिक प्राधिकरण बदलते. पण लेकरू तर तेच आहे ना?

खाजगी शाळावाले म्हणतील, आधीच सरकार पैसे देत नाही, त्यात बदलीची मुले कशी घ्यायची? शुल्क प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते ही त्यांची तक्रार खरी आहे. सरकारने ते पैसे दिलेच पाहिजेत. पण राज्याने वर्षाला एका बालकामागे १७,६७० रुपये असा दर ठरवलेला आहे. पैसा बालकामागे मोजला जातो, मग तो बालकामागे चालत का जात नाही? मुलगी हिंगणघाटहून वर्ध्याला गेली तर हिंगणघाटच्या शाळेची प्रतिपूर्ती थांबेल, वर्ध्याच्या शाळेची सुरू होईल. सरकारला एक रुपयाही जास्त लागत नाही.

'कायद्यातच नाही तर आम्ही काय करणार' असे अधिकारी म्हणतील. कलम ५ खाजगी शाळेत बदलीचा हक्क देत नाही, हे खरे. पण ते राज्याला अशी सोय करायला मनाईही करत नाही. उलट कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबांच्या बालकांचा प्रवेश सुनिश्चित करण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात.

एक, २५ टक्क्यांतील बालकाने घर बदलले तर नव्या परिसरातल्या खाजगी शाळेत त्याच वर्गाची राखीव जागा रिकामी असेल तिथे गटशिक्षणाधिकाऱ्याने त्याची बदली करावी, आणि प्रतिपूर्ती त्याच्याबरोबर जावी. दोन, 'एकदा प्रवेश घेतला की पुन्हा अर्ज नाही' ही अट घर बदललेल्या बालकांना लावू नये. तीन, भाडेकरूला नोंदणीकृत कराराऐवजी स्वयंघोषणापत्र आणि अंगणवाडी सेविका किंवा ग्रामसेवकाची प्रत्यक्ष पडताळणी चालावी. चार, अशा अर्जांचा निकाल पंधरा दिवसांत लागावा.

हे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. जो हक्क आज आहे तो तरी पूर्ण वापरू.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली हवी असेल तर दाखल्याची वाट पाहू नका. कलम ५ सांगून आधी लेकराला वर्गात बसवा. वर्षाच्या मध्यात आलात म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ते कलम १५ मध्ये आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही, ते कलम १४ मध्ये आहे. हंगामी कामाला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. नकाराचे कारणही लेखी मागा.

तरीही झाले नाही तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. गावात असाल तर जिल्हा परिषदेकडे, शहरात असाल तर नगर परिषदेकडे. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा आहे. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. आयोग मुंबईत आहे, वर्ध्यापासून सुमारे साडेसातशे किलोमीटर. रोजंदारी बुडवून सेवाग्राम एक्स्प्रेसने कोण जाणार? शिवाय तीन महिने म्हणजे पहिलीतल्या पोराचे निम्मे अक्षरज्ञान. म्हणून तक्रारीतच लिहा की निकाल लागेपर्यंत बालकाला तात्पुरते वर्गात बसू द्यावे.

हे एकट्या मजूर बापाकडून होणार नाही, आणि इथे आपले काम सुरू होते. प्रत्येक बुद्ध विहारात जून महिन्यात दोन शिकलेली पोरे अर्ज लिहायला बसली पाहिजेत. वस्तीत नवे कुटुंब राहायला आले की 'भाडे किती?' हे विचारण्याआधी 'लेकरू कोणत्या शाळेत?' हे विचारा. जयंतीच्या डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग अपिलाच्या प्रवासभाड्याला लागला तर बाबासाहेबांना कमी वंदन होणार नाही. धारवाडच्या त्या मुलाचा अर्ज फेटाळला गेला, पण त्याने अर्ज केला म्हणून सत्तर वर्षांनी तो सायमन कमिशनपुढे पुरावा म्हणून उभा राहिला. तुमचा अर्जही पुरावा आहे. तो लिहा, पोच घ्या, आणि जपून ठेवा.

जय भीम! जय संविधान!